दीड आटा

धारूरच्या घाटाखाली, तेलगावच्या रस्त्याला,
खाजामियाँच्या टपरीपुढं
तोंड उघडून उभी आहे आमची जीप.
भूजल खात्याच्या लिलावात अंगदरावांनी घेतली,
म्हणजे माझ्या वडिलांनी.
बावीस वर्षं तिचंच स्टिअरिंग फिरवलं होतं सरकारी पगारावर.
दारावरचं खात्याचं नाव खरवडलंय,
तरी तिरप्या उन्हात वाचता येतं.

जुना कार्बोरेटर संपला होता.
बटरफ्लायचा दांडा भोकात हलायचा
म्हाताऱ्या तोंडातल्या शेवटच्या दातासारखा.
नवा मी मागवला, दिल्लीहून, कुरिअरनं.
कंपनीचा नाही. कुठल्या गाडीचा, तेही खोक्यावर धड नाही.
खाली ॲडाप्टरची पट्टी,
ॲक्सिलरेटरला सायकलच्या ब्रेकची तार.
खाजामियाँ म्हणाला,
"बहू तो ले आयी, बेटी. अब चूल्हा समजने दे उसकू."
मी म्हटलं, चुलीनं पण शिकावं की थोडं.

स्क्रू आत, पार बसेस्तोवर, पण हलक्या हातानं.
मग दीड आटा बाहेर.
सुरुवात इथून. सगळ्यांचीच इथून.

लागली. हुंदका दिला. विझली.
पाव आटा आत, तर खोकायली.
पाव बाहेर, तर पेट्रोलचा वास, डोळे चुरचुरायले,
प्लग काढून बघितला तर तव्याचं बूड.
एकशे वीसचा जेट काढला, एकशे पंधराचा घातला.
त्यात कण दिसला म्हणून मी तार उचलली,
खाजामियाँनं मनगटच धरलं:
"तार नक्को. फुंक मार.
भोक वाढलं की भूक वाढती."

दोन वाजले. पत्रा तापला. चहा दोनदा झाला.
तरी आत कुठंतरी फुसफुस.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं पट्टीच्या कडेनं फिरवत
तो ऐकत राहिला, डोळे मिटून.
"इथं. इथं चोरून हवा प्यायलीय."
ऑइलपेपर ठोकून ठोकून नवं गॅस्केट कापलं.
फुसफुस गेली.
थरथर गेली नाही.

तेव्हा वडील बाकड्यावरून उठले.
त्यांना ऐकू येत नाही.
बोअरच्या मशीनशेजारी उभं राहून राहून
आधी डावा कान गेला, मग निवृत्तीच्या सुमारास उजवा.
त्यांनी रांजणातून स्टीलचा पेला भरला,
जीपच्या चपट्या मडगार्डवर ठेवला
आणि मला बोटानं खुणावलं: फिरव.

मी स्क्रूकडे, ते पाण्याकडे.
आत फिरवला, पाण्यावर काटा आला.
बाहेर, वलयं, तुटकी, एकमेकांत घुसणारी.
अजून बाहेर. नाही, मागं.
केसभर.
आणि एका जागी पाणी
दुधावर साय धरावी तसं बसलं.
कडेला एकच बारीक वलय,
गाडी चालू आहे एवढं सांगण्यापुरतं.
वडिलांनी हात वर केला,
माळावर दीडशे फुटांवर ओल लागली की करायचे तसा.
खाजामियाँनं नळी कानातून काढली.
"कान झूठा निकला, साब," म्हणाला,
आणि हे त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून
पेल्यातलं पाणी पिऊन दाखवलं.

आटे मोजले. दीड नव्हते.
एक, आणि वर जे होतं त्याला आकडा नाही.

संध्याकाळी घाट चढून
किल्ल्यामागच्या दगडी वाटेला लागलो.
दुसऱ्याच चढाला गाडी तिरपी झाली,
आतला फ्लोट कलला,
एक घोट जास्तीचा गेला असेल.
मेली.
मी उतरून चाकामागं दगड लावला.
वडील हसत होते. त्यांच्या पायांना आधी कळलं होतं.
"सपाटीचं झालं," नेहमीसारखं जरा मोठ्यानंच,
"आता चढाचं बघू."

स्क्रूड्रायव्हर टपरीवरच राहिला होता.
त्यांनी खिसा चाचपला, रुपया काढून दिला.
कड खाचेत बरोबर बसली.