टिंब

पदव्युत्तर विभागात, तिसऱ्या मजल्यावर,
मला तीन दिवस दिलेत आणि एक प्रश्नावली:
प्रणाली सोपी आहे का. वेगवान आहे का. माहिती पूर्ण आहे का.
एक ते पाच. पाच म्हणजे पूर्ण समाधानी.

पहिला दिवस असाच गेला.
‘सर्व्हर बसलाय,’ ढमालेबाई म्हणाल्या,
म्हैस बसलीये म्हणावं तसं,
उठेल तेव्हा उठेल.
खिडकीखाली गणेशखिंड रस्ता, तोही बसलेला,
मेट्रोच्या खांबांमध्ये.

दुसऱ्या दिवशी अहवाल निघाला.
एकोणीस हजार सहाशे चार विद्यार्थी,
रिकामा रकाना एकही नाही.
पाचवर गोल करायला पेन टेकवलं
आणि उगाच, सवयीनं,
‘आईचे नाव’ या रकान्याचा क्रम लावून पाहिला.

सगळ्या अनसूया, अलका, अंजिराबाईंच्या आधी
टिंबं आली.
पानभर टिंबं. पुढच्या पानावर टिंबं.
चारशे बारा जणांची आई
एक टिंब.

‘रिकामं ठेवलं की लाल होतो, पुढं जाऊच देत नाही तो.
पोरं खिडकीत उभी, फीची शेवटची तारीख.
टिंब दिलं की चालतं त्याला.’

म्हणजे चारशे बारा चुका?

बाईंनी ड्रॉवर उघडला.
गॅस एजन्सीच्या जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली वही.
‘चुका कशाला? ठेवा बोट कुठंही.’

‘ही मुलाणी. मानववंशशास्त्र. आई बाळंतपणात गेली,
नाव घरात कुणी घेत नाही. इंदापूरला मामाला विचारून येते म्हणाली.
अजून यायचीय.

हा गवारे. याला माहितीय. सांगायचं नाहीये.
दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं.

ही ससूनच्या पायरीवर सापडलेली. जन्मतारीखसुद्धा एक जून.

आणि याला दोन. जन्माची एक, वाढवलं ती एक.
एकीचं लिहिलं तर दुसरी काय म्हणेल, म्हणाला.
मी म्हटलं, थांब, टिंब देते.’

तिसऱ्या दिवशी कळलं, बाई ऑगस्टअखेर निवृत्त.
आणि वही?
‘वही घरी नेणार. लोकांच्या आया
अशा उघड्यावर टाकून जाऊ काय?’

प्रश्नावलीत वहीसाठी जागा नव्हती.
शेवटी ‘सूचना’ खाली मी लिहिलं:
आईचे नाव हा रकाना ऐच्छिक करावा.
शहाणं, सरळ वाक्य. बाईंना वाचून दाखवलं.

‘करा की,’ त्या म्हणाल्या, पिशवीत डबा ठेवत.
‘पण मग नुसतं रिकामं दिसेल.
टिंब असलं म्हणजे
कुणीतरी विचारलं होतं, एवढं तरी कळतं.’

वाक्य खोडलं नाही. पाठवलंही नाही.
कर्सर तिथंच उघडझाप करत होता.
पावणेपाचला
सर्व्हर पुन्हा बसला.