बर्फाचे पैसे

पहाटे सव्वापाचला धक्क्यावर पाच जण आले,
बुकिंग चौघांचं होतं.
पाचवे आजोबा, हिल्मिया. काठी नको म्हणाले,
नुसतं बसायचंय.
बसण्याचे पैसे मी घेत नाही.

मी वेंडेल क्रेब्स. मिझुरी नदीवर सव्वीस वर्षं
लोकांना मासे दाखवतो.
म्हणजे नदी दाखवतो, मासे त्यांच्या मर्जीने येतात.
दगडी बांधाच्या मागे पाणी थबकतं, गरगरतं, खड्डा खणतं,
आणि त्या खड्ड्यात पेन्शनरांसारखे पडून असतात
म्हातारे कॅटफिश:
काही ना काही वाहत येईलच.

कुटुंब सेंट लुइसचं, मूळ बोस्नियाचं.
नियाझ ट्रक चालवतो, सेनादा दातांच्या दवाखान्यात.
वेदाद नऊ वर्षांचा. आयना पंधराची, फोनमध्ये बुडालेली
(त्या पट्ट्यात नेटवर्क नाही. हे मी आधी सांगत नाही).

"झटका द्यायचा नाही," मी रोजचं सांगितलं,
"गळ गोल आहे, त्याला त्याचं काम कळतं.
काठी पार वाकू द्या, मग हात लावा."
बापांना हे जमत नाही.
नियाझने दोन मासे झटक्यात घालवले.

वेदाद म्हणाला, मिशा कशाला?
चव घ्यायला, म्हटलं. याला अंगभर जीभ असते,
शेपटीनेसुद्धा चाखतो.
नदीत काय काय विरघळलंय, सगळं याला कळतं.
आयनाने ते आजोबांना त्यांच्या भाषेत सांगितलं.
म्हाताऱ्याने मान हलवली,
जणू ही बातमी जुनीच होती.

मग त्याने पिशवीतून छोटा स्टोव्ह काढला.
माझ्या बोटीत! पेट्रोलच्या टाकीपासून दोन हातांवर!
मी तोंड उघडलं आणि कॉफीचा वास आला.
कान नसलेला इवलासा कप.
गाळ खाली बसू द्या, सेनादा म्हणाली.
बसू दिला.

आठच्या सुमाराला आयनाची काठी वाकली,
पाण्याला टेकली.
फोन पडला, कुणी उचलला नाही.
वीस मिनिटं ती कण्हत, शिव्या देत, ओढत राहिली,
आणि ओल्या पाटीच्या रंगाचा तो वर आला:
एकोणचाळीस पौंड.
तिने अंगठा त्याच्या तोंडात घातला, फोटो झाला.
दात कसले, सँडपेपर.
नियाझने बर्फाची पेटी उघडली. मी सुरी शोधू लागलो.

आजोबा उठले, चालत्या बोटीतल्यासारखे डुलत,
गुडघ्यांवर बसले, माशाच्या डोक्यावर हात ठेवला.
"सोम," म्हणाले. त्यांच्याकडे याला सोम म्हणतात.
मग त्याच्या उघड्या तोंडात पाहत राहिले.
फार वेळ.

"बाबा नदीतला मासा खात नाहीत," सेनादा हळूच म्हणाली,
"तीस वर्षं होऊन गेली."
पोटाचं काही?
"नदीचं. दुसऱ्या नदीचं. त्या उन्हाळ्यात पुलावरून..."
वेदाद ऐकत होता. ती थांबली.

मी या पाण्यातून टायर काढलेत, फ्रीजचं दार काढलंय.
मोठ्या पुराच्या वर्षी एकदा
शेरिफला बोलवावं लागलं होतं.
तेव्हा मीही मासे सोडले होते.
महिनाभर.

सुरी जागेवर ठेवली.
पेटीचं झाकण नियाझनेच लावलं.
तिघांनी मिळून मासा पाण्यात धरला, प्रवाहाकडे तोंड करून.
कल्ले हलले, हलले,
आणि हातात नुसतं पाणी.

"माझा होता तो," आयना म्हणाली.
"हो," आजोबा इंग्रजीत म्हणाले. "तुझाच."

धक्क्यावर हिशेब: अर्धा दिवस, चौघे, आमिष, बर्फ.
बर्फ मी खोडला.
नियाझने परत लिहिला. मी परत खोडला.
वेदाद एकेक खडा नदीत टाकत विचारत होता,
याची चव कळेल का त्याला?
कळेल, म्हटलं. गार लागेल,
आणि थोडी प्लॅस्टिकच्या पिशवीची.