आईला घातलंस का?

नर्स ऑफेलियानं शिकवलं होतं,
पिशवी भरली की छापील कागदावर धरायची,
पाण्यातून अक्षरं लागली तर सगळं ठीक.
सहा वर्षं, दिवसातून चार वेळा
एलेउतेरिओच्या पोटातून उतरलेल्या पाण्यातून
मी ग्वादालाहाराच्या बातम्या वाचल्या,
फुटबॉल, निधनवार्ता, टोमॅटोचे भाव.

त्या मंगळवारी मथळासुद्धा लागेना.
तांदूळ धुतल्यासारखं पाणी.
"उन्हाचं असेल," तो म्हणाला,
दोन्ही हातांनी पोट धरून.

महिन्यापूर्वीच जंतू झाले होते,
औषध पुरं केलं होतं, शेवटच्या थेंबापर्यंत.
"तिथंच तर झालं," डॉक्टर सेपेदा म्हणाल्या,
"औषधानं वाईट मेले, बरेही मेले,
रिकाम्या घरात ही शिरली.
बुरशी आहे. यीस्टच्या भावकीतली."

एलेउतेरिओ हसला. तापात, कण्हता कण्हता हसला.
चाळीस वर्षं भट्टीवर
त्यानं दुसरं केलंय काय?
पीठ, बिअर, लिंबू घालून मडक्यात जे जगवायचं
त्याला आम्ही आई म्हणतो.
ती फुगली की पाव, रुसली की उपास.

"गोळ्या देऊच, पण नळी आज काढायची.
बुरशी नळीला धरून बसते,
तिथं गोळी पोचत नाही."
मी घासाघीस केली, बाजारात करतात तशी:
चार दिवस? दोन? बरं, उद्या सकाळी?
त्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

ती नळी.
खिडक्या लावून, पंखा बंद करून,
कुत्र्याला अंगणात काढून, तोंडाला फडकं बांधून
पोरांच्या बेंबीलाही जपलं नव्हतं असं
मी तिच्या भोकाला जपलं.
"तुमच्या हातांचा दोष नाही," डॉक्टर म्हणाल्या.
तरी बसमध्ये मी हात हुंगले. साबण. नुसता साबण.

घरी येसेनिया मडकं उचलूनच उभी,
"फेकून दे, मम्मा, हेच ते."
हेच नव्हे, ते मला सांगितलं होतं,
पावातली निराळी, तिचा गुन्हा नाही.
पण मीही झाकण काढून बघितलं
आणि बुडबुडे बघून अंगावर काटा आला.
दिवसभर तिला काही घातलं नाही.

रात्री इस्पितळातून फोन.
आवाज कोरडा, नळी निघालेली:
"आईला घातलंस का?"
"घातलं," म्हटलं.
फोन ठेवला आणि पिठाचा डबा शोधला.

आता आठवड्यातून तीनदा मशीन.
पहाटे साडेचारची बस, भट्टी पेटवायची वेळ.
पोटावरचा व्रण तो पाहुण्यांना दाखवतो,
"बघा, पावाला ब्लेड मारतो तसाच,
तिरका मारायला हवा होता."
पाणी मोजून पितो. चिडतो. पेला लपवतो.

खिडकीशी पिशवीचा खिळा तसाच आहे.
पेपर मी अजून घेते.
मधे पाणी नसलं की
अक्षरं डोळ्यांवर येतात.
काल टोमॅटो चढले होते.