समासातलं पीठ

एवाल्ड कूसिक पुस्तक परत करतो
तेव्हा पानांच्या बेचक्यात काळ्या पावाचं पीठ असतं.
मी ते झटकते, शिक्का मारते,
काही बोलत नाही.
तार्तूत तसंही कुणी फारसं बोलत नाही,
फेब्रुवारीत तर नाहीच.

पहाटे तीनला भट्टी, दुपारी झोप,
आणि संध्याकाळी हा माणूस वेढ्यांत जाऊन बसतो.
जाडजूड कादंबऱ्या, सेनापतींची चरित्रं,
शेवटी घडीचे नकाशे असलेले इतिहास.

राणीच्या तोंडी घातलेली लांब भाषणं त्याला चालतात.
मरणाऱ्या घोड्याचं मनोगत चालतं.
किल्लेदाराची प्रेयसी, जी कुठल्याच दप्तरात सापडत नाही,
तिलाही त्याने मुकाट घरात घेतलं आहे.

पण वेढ्याच्या चौथ्या महिन्यात,
पान दोनशे एकोणीसवर,
लेखकाने अक्षरशः कोंड्याचा मांडा केला:
कोंडा, जवसाची पेंड, लाकडाचा भुसा,
आणि त्यातून टम्म फुगलेला, वाफाळता पाव!

तिथे समासात पेन्सिल:
"फुगणार नाही. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे मी."

पेन्सिल खोडणं माझं काम आहे.
त्या दिवशी रांग होती. राहिलं.

पुस्तक साल्मे राउडसेपकडे गेलं.
वय सत्त्याऐंशी, एरवी फक्त राण्यांची चरित्रं नेते,
आतली चित्रं आधी पाहून.
मुदतीच्या एक दिवस आधी परत आलं.
पेन्सिलीखाली निळी शाई, घोटून घेतलेलं जुनं वळण:

"बरोबर. फुगत नाही.
बुडाला चिकटतं, मग चमच्याने खरवडायचं.
भुसा बर्चचा असला तर घशाला कमी टोचतो.
सायबेरियात तीन हिवाळे. मी नऊ वर्षांची होते.
यापुढे मी वाचलं नाही.
राणी सुटते का?"

शाईला दंड आहे, दोन युरो.
पावती फाडायला हात गेला नाही.
मी एवाल्डला एवढंच म्हटलं,
ते वेढ्याचं पुस्तक पुन्हा आलंय.
त्याने ते उभ्या-उभ्या उघडलं,
टोपी काढली,
बराच वेळ तशीच हातात धरून राहिला,
मग कोटाच्या खिशात पेन्सिल शोधली.

चारशे अकराव्या पानावर राणी मरते.
तिसऱ्या दिवशी, तापाने, कुणाचंही नाव न घेता.
मी वाचलंय. त्याने तर दोनदा वाचलंय,
दोन्ही खेपांचं पीठ आहे तिथे.

फुगणाऱ्या पावाला माफी नाकारणारा तो माणूस
निळ्या शाईखाली लिहून गेला,
एकच शब्द, पेन्सिल दाबून:
"सुटते."

खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.
पुस्तक मी राण्यांच्या फळीवर ठेवलं,
तिचा हात पोचेल अशा उंचीवर.