दुसरी पायरी

मस्कतला, रुवीत, मशिदीमागच्या गल्लीत माझं दुकान:
एसीचे कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्या, रबरी कड्या,
मी, बांगलादेशी पोरगा मोनिर,
आणि एक ईमेल, ज्याच्यावर सगळा धंदा चालतो.

मंगळवारी इझमीरहून बिल आलं.
नेहमीचाच मथळा, नेहमीचाच शिक्का,
फक्त बँक बदललेली.
अठराशे चाळीस रियाल.
बोट बटणावर होतं.

तेवढ्यात दिसलं, "डिअर सर".
ओरहान सात वर्षांत मला कधी सर म्हणाला नाही.
"ब्रदर" म्हणतो, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं.
चष्मा पुसून पत्ता वाचला, अक्षर अक्षर.
एम नव्हताच तो.
आर आणि एन, चिकटून उभे,
एका सदऱ्यात शिरलेले दोन भामटे.

फोन लावला. ओरहान म्हणाला, मी काहीच पाठवलं नाही.
बाहेर पंचेचाळीस अंश; माझे तळवे गार.

मोनिरनं हळूच विचारलं, पासवर्ड काय होता?
सफिना सातशे शहाऐंशी.
अब्बांची होडी.
पाटीवर तेच नाव, पावत्यांवर तेच,
दरसाल वाटतो त्या कॅलेंडरवर तेच.
कुलूप फोडायची गरजच नव्हती कुणाला,
किल्ली मीच रंगवून दारावर टांगली होती.

आता एकोणीस अक्षरं, काहीच अर्थ नसलेली,
जिभेवर बसत नाहीत, कुणाची आठवण काढत नाहीत.
तेच बरं, म्हणे.
टाइप करताना वाटलं,
होडी दुसऱ्यांदा भंगारात काढतोय.

मग दुसरी पायरी: सहा आकडे, जुन्या नंबरावर.
तो नंबर हर्णैत, खैरूनआपाच्या उशाशी.

"आपा, आकडे आले? सांग लवकर."
ती गप्प. मग म्हणाली,
"बँकेतल्या पोरीनं बजावलंय, कुणालाच सांगायचे नाहीत.
आवाजसुद्धा नकली काढतात हल्ली.
अन्वर असशील तर बोल,
होडीत पाणी कुठून यायचं?"

रुवीतल्या फिरत्या खुर्चीत
माझे पाय घोट्यापर्यंत ओले झाले.

"नाळेपासून तिसरी फळी. डावीकडची.
तू ओढणीची चिंधी कोंबायचीस,
आणि अम्मी ओढणी शोधत बसायची."

तेव्हा कुठे ती आकडे सांगू लागली, एकेक,
लिलावात पापलेटं मोजून टाकावीत तसे.
पडद्यावर वेळ संपत चाललेली.
पाच झाले. सहावा तिनं राखून ठेवला.
"जेवलास का, ते सांग आधी."