जाळं कुणी सोडवलं

रविवारी दानाची थाळी मोजायला बसतो
तेव्हा नाण्यांना धुराचा वास येतो.
वीस वर्षं येतोय. आवडायचा मला.
आमच्या बायका व्होल्टा सरोवराचे मासे धुरावतात,
मातीच्या गोल भट्ट्यांवर, रात्रभर,
आणि सकाळी लाल डोळ्यांनी प्रार्थनेला येतात.
वाटायचं, हाच आमचा धूप.

सरोवराच्या तळाशी एक रान उभं आहे.
धरण झालं तेव्हा ते कुणी तोडलं नाही,
बुडालं तसंच, फांद्या पसरून.
जाळी त्यात अडकतात.
अडकलेलं जाळं सोडवायला हात लहान लागतात,
छाती लहान,
किंमतही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.
"मामाकडे कामाला आलाय," म्हणायचे सगळे,
आणि मामा दर हंगामाला नवा भाचा आणायचा.
चर्चवरचे पत्रे अशाच एका मामाने दिले.
पावती मीच फाडली, वळणदार अक्षरात:
अगबेको. चौतीस पत्रे. देव भलं करो.

एबो त्याच्याच होडीवरचा.
मंगळवारी जन्मला, एवढं त्याचं नाव सांगतं.
साल कुणी सांगितलेलं नाही.
टोपली उतरवून तो अफेफाच्या भट्टीपाशी थांबला,
तिने पानावर मासा दिला, गरम, वरचं कातडं सोलून.
तो म्हणाला, "मी मासे खात नाही.
खाली ते मला ओळखतात."

त्या बुधवारी महिला मंडळात
बायबल मिटलेलंच राहिलं.
अफेफाने माझी उधारीची वही मागितली
आणि मोठ्याने वाचायला लागली:
जाळं, मंडळाच्या फंडातून.
डिझेल, मंडळाच्या फंडातून.
दोर, शिसं, पुन्हा डिझेल.
होडी तेवढी अगबेकोची.
कुणीतरी कंदिलाची वात उगाचच खाली केली.

आता पहाटे, बोहनीच्या आधी,
टोपलीला हात लावण्याआधी विचारतात:
जाळं कुणी सोडवलं?
कोळी आपले हात पुढे करतात,
फांद्यांनी ओरबाडलेले, मोठ्या माणसाचे.
ते हात बघून भाव ठरतो.
जो खिशात हात घालून उभा राहतो
त्याची टोपली तशीच परत होडीत.

वरच्या आळीत मशिदीमागे हाजिया रमातूच्या बायका
सुका मासा उत्तरेला पाठवतात.
त्यांना आम्ही काही शिकवलं नाही.
एका शुक्रवारनंतर त्याही तेच विचारू लागल्या,
फक्त जरा जास्त दरडावून.

सोपं गेलं असं लिहिणार नाही.
सहा भट्ट्या गार पडल्या.
अक्पेनेने मंडळ सोडलं. जाताना मला म्हणाली,
"शाळेच्या खिडकीत फी म्हणून काय ठेवू,
तुमचं पुण्य?"
मी खजिनदार. माझ्याकडे मोड नव्हती.

पत्रे परत करायचे का, यावर तीन बैठका झाल्या.
ठरलं नाही.
पाऊस आला की ते असे वाजतात
की पाद्रीबाबांचा एक शब्द ऐकू येत नाही,
आणि आम्ही तसेच बसून राहतो, मान खाली घालून,
चौतीस पत्र्यांचं ऐकत.

चार महिन्यांनी अगबेको आला. जाळी जुनी झाली होती.
अफेफा म्हणाली, आधी होडी रिकामी कर.
दोन पोरं उतरली.
एबो त्यांत नव्हता. तो पलीकडच्या काठावर,
तिकडे अजून कुणी काही विचारत नाही.

धाकटा अफेफाकडेच असतो.
झोपेत श्वास रोखून धरतो.
ती उशाशी बसून मोजते, बोटांवर,
एकवीस, बावीस, तेवीस,
तो वर येईपर्यंत.
मोजण्याचं काम या गावात माझं होतं.