थांबू का?

पहाटे पाच. गंगापूर रोडच्या एका दिव्याखाली
आम्ही सहा जण, तोंडातून वाफा.
अशफाक कोकणी काखेत व्हॅसलीन चोळतोय, बिनदिक्कत.
नोटप्रेसमधून निवृत्त झालेले पागरकाका
सेफ्टी पिना वाटताहेत, माणशी चार,
अंगठा जिभेला लावून, जुन्या सवयीनं.
थंडी नऊ अंश. निफाडला सहा म्हणे.
एकवीस किलोमीटर, आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर
ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

उज्ज्वला बच्छाव गप्प आहे. छातीवर नंबर तिरका.
तिनंच मला आणलं या लोकांत.
माझी साखर दोनशे ऐंशी निघाली त्या आठवड्यात
समोरच्या फ्लॅटमधून येऊन म्हणाली,
उद्या पाचला. बूट नसतील तर चपला चालतील.
मी चपलांतच गेलो.
एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, एवढीच माझी धाव.
ती पुढच्या खांबाशी वाकून
बुटाची नाडी सोडायची, परत बांधायची,
म्हणजे मला वाटावं, थांबली ती नाडीसाठी.
हे मला कळायला दोन महिने लागले.

आनंदवल्ली गेलं. सोमेश्वर गेलं.
मग द्राक्षबागा, गंधकाचा वास,
धुक्यात कुठंतरी ब्लोअर घरघरतोय.
एका वस्तीवर म्हातारबाबा शेकोटीपाशी बसून विचारतात,
कोण मागं लागलंय रे?
धरणाच्या अलीकडे वळसा. वारा आता तोंडावर.
बोलणं बंद. फक्त बुटांचा आवाज,
तोही एकमेकांत मिसळलेला, माझा कोणता ते ओळखू येईना.

सतरावा किलोमीटर. तिच्या पोटरीत गोळा आला.
माझं घड्याळ: एक तास छत्तीस.
दोन तासांच्या आत, हे मी कुणालाच बोललो नव्हतो,
बायकोलाही नाही.
थांबू का? मी विचारलं.
जागच्या जागी पळत विचारलं,
चपला घातलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं,
अरे, चहा राहिलाच की.
जा, ती म्हणाली. जा रे.

गेलो.
आणि खोटं कशाला बोलू,
ते चार किलोमीटर माझ्या आयुष्यातले सर्वांत देखणे होते.
ऊन नुकतं पडलेलं. गच्चीवरून एक पोरगी
ताट बडवत होती चमच्यानं.
पाय माझे नव्हतेच, कुणीतरी उसने दिलेले,
आणि परत मागत नव्हतं.
एक तास एकोणसाठ मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

मेडल गळ्यातून काढून खिशात टाकलं
आणि उलटा चालत निघालो, येणाऱ्यांच्या गर्दीतून.
लोक ओरडले, ओ भाऊ, इकडं आहे फिनिश!
विसाव्याच्या पाटीपाशी ती भेटली.
लंगडत होती. मागं ॲम्ब्युलन्स, गाईच्या चालीनं,
ड्रायव्हर मोबाईल बघत.
मी काही न बोलता शेजारून चालू लागलो.
थोडं पुढं जाऊन वाकलो, नाडीला हात घातला.
ती म्हणाली, हे मला नको शिकवूस.

वेळ किती लागला?
घड्याळ बंद पडलं मधेच, मी म्हणालो.
बरं.
उरलेलं अंतर आम्ही बोललो ते पाण्याच्या टँकरबद्दल,
सोसायटीच्या लिफ्टबद्दल, तिच्या मुलाच्या बारावीबद्दल.
खिशात मेडल दर पावलाला किल्ल्यांवर वाजत होतं.
ते तिला ऐकू येत नसेल असं नाही.

मिसळीच्या बाकावर सगळे दाटीवाटीनं.
अशफाक पापड मोडतोय, काका रस्सा मागताहेत तिसऱ्यांदा,
त्यांच्या बोटाला पिन लागून रक्त आलंय, त्याचं त्यांना काही नाही.
तेवढ्यात सगळ्यांच्या फोनवर निकाल आले, टिंग टिंग.
उज्ज्वलानं माझा फोन उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला,
वाचलं. परत वाचलं.
मग माझ्याकडं न बघता
लिंबाची फोड माझ्या रश्श्यात पिळत म्हणाली,
बंद घड्याळ बरं चालतं की तुझं.